जेने-जेनो: भातावर आणि सुकटीवर उभं राहिलेलं शहर

जेने-जेनोच्या आसपास दगड मिळत नाही. लोखंडाचं खनिज नाही, तांबं नाही, मीठ नाही, घरबांधणीचं लाकूडही बेताचंच. आहे ती चिकणमाती, आणि वर्षातले तीन-चार महिने त्या मातीवर चढून बसणारं पाणी. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात नायजरची उपनदी बानी हिच्या पूरमैदानात इसवी सनापूर्वी 250 च्या सुमारास माणसं वस्तीला आली आणि इ.स. 1400 पर्यंत तिथून हलली नाहीत. इ.स. 800 च्या आसपास एकट्या या वस्तीचा पसारा 33 हेक्टर होता. शेजारचं हांबारकेतोलो धरलं तर 41.

पश्चिम आफ्रिकेचा इतिहास आपल्याला भेटतो तो बहुतेक वेळा सोन्याच्या वाटेनं. 1324 साली हजला निघालेला मालीचा सम्राट मानसा मूसा, त्याच्याबरोबरचं मणावारी सोनं, उंटांचे तांडे, टिंबक्टू. त्या कथेत सहारा ओलांडून अरब व्यापारी येतात आणि त्यांच्या मागोमाग शहरं उगवतात. 1977 आणि 1981 साली सुझन आणि रॉडरिक मॅकिंटॉश या पुरातत्त्वज्ञ दांपत्यानं जेने-जेनोत उत्खनन केलं तेव्हा या क्रमालाच धक्का बसला. अरबांचा व्यापार सुरू होण्याच्या कितीतरी आधीच्या थरांमध्ये इथे दाट वस्ती होती, लोखंड होतं, लांबून आणलेला दगड होता, तांबं होतं. सोन्याचं कानातलं सापडलं, पण ते नवव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, म्हणजे शहर हजार वर्षांचं झाल्यावरचं. माझ्या मते या शहराची खरी गोष्ट भात, मासे आणि होड्या यांची आहे. सोनं त्यात बरंच उशिरा येतं.

सुरुवात पाण्यापासून करावी लागते. टेकाडाजवळच्या आजच्या जेने गावाच्या परिसरात वर्षाला साधारण 500 ते 600 मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे मराठवाड्यातल्या अवर्षणग्रस्त तालुक्यांत पडतो तेवढाच. एवढ्या पावसावर बाजरी निघेल, भात कुठून निघणार? पण दूर नैर्ऋत्येला गिनीच्या डोंगराळ भागात याच्या कितीतरी पट पाऊस कोसळतो, आणि ते पाणी नायजर-बानीतून उतरत आठवड्यांनी इथे पोचतं. मैदान इतकं सपाट की पाणी वाहण्यापेक्षा पसरतंच जास्त. जेनेजवळ पुराचा माथा साधारण ऑक्टोबरात येतो. तेच पाणी डेल्टा, म्हणजे नदीचं हे पसरट पूरमैदान, भरत भरत उत्तरेला वाळवंटाच्या कडेच्या टिंबक्टूजवळ पोचायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो, म्हणजे तिथे पाऊस संपून तीन महिने झाल्यावर नदी फुगते. चांगल्या वर्षी 20 हजार चौरस किलोमीटरच्या पुढे जमीन पाण्याखाली जाते, दुष्काळात ती निम्म्यावर येते. या एका आकड्यावर तिथल्या प्रत्येकाचं वर्ष ठरतं.

भात इथलाच, आफ्रिकेत माणसाळवलेला. शास्त्रीय नाव ओरायझा ग्लाबेरिमा. आपल्या आशियाई भाताचा हा चुलतभाऊ, पण वेगळ्या रानभातापासून वेगळ्या माणसांनी घडवलेला. दाणा बहुतेक लालसर. त्याची लागवड आपल्या शेतकऱ्याला अंगावर काटा आणील अशी आहे, कारण इथे पाणी सोडणं-अडवणं हातात नाही. जून-जुलैत पहिल्या पावसावर बी फोकून टाकायचं. उगवण व्हायची ती पावसाच्या जिवावर, आणि वाढ व्हायची ती पुराच्या. या दोन पाण्यांच्या मधल्या काही आठवड्यांत रोपानं मुळं धरून पुरेशी उंची गाठायला हवी.

इथेच सगळी मेख आहे. पेरणीनंतर पाऊस उघडला तर कोंब जळतो आणि बी पुन्हा टाकावं लागतं. पाऊस बरा झाला पण पूर लवकर आला तर कोवळं रोप बुडून कुजतं. पूर वेळेवर आला पण वेगानं चढला तरी तेच. पाणी दिवसाला तीन-चार सेंटीमीटरनं चढलं तर तरंगत्या जातीचा भात त्याच्याबरोबर कांडी लांबवत वर येतो, दोन-अडीच मीटर पाण्यातही शेंडा बाहेर ठेवतो. पाणी याहून झपाट्यानं चढलं तर तो हरतो. आणि पूर कमी पडला किंवा लवकर ओसरला तर लोंबीत दाणा भरतच नाही. शिवाय पुराबरोबर मासे शेतात शिरतात आणि कोवळी रोपं खातात. दाणा भरायला लागला की क्वेलिया नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यांचे थवे उतरतात. रानभात शेतात मिसळतो, लहानपणी तो ओळखू येत नाही, आणि पिकल्यावर त्याचे दाणे आधीच झडून पुढच्या वर्षाची तणाची सोय करून ठेवतात.

यावर उपाय एकच, सगळे पैसे एका घोड्यावर लावायचे नाहीत. आज या भागात भातशेतीत मुरलेले मार्का शेतकरी अनेक जाती बाळगतात. लवकर येणारी, उशिरा येणारी, उथळ पाण्याची, खोल पाण्याची. जमिनीचा उतार नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण मागच्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते लक्षात असतं, आणि त्या रेषांनुसार जाती पेरल्या जातात. पेरणीही एकदम उरकत नाहीत, थोड्या थोड्या दिवसांनी करतात. एक पट्टा गेला तरी दुसरा हाती लागतो. उत्पन्न हेक्टरी टनाच्या आतबाहेर. कापणी डिसेंबर-जानेवारीत, कधी ओसरत्या पाण्यात उभं राहून, कधी होडीत बसून. ग्लाबेरिमाचा दाणा पिकल्यावर पटकन झडतो, त्यामुळे कापणीला उशीर म्हणजे पीक पाण्याला अर्पण. कांडताना तो तुटतोही फार, कण्या जास्त पडतात. म्हणून पश्चिम आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी भात आधी उकडून, वाळवून मग कांडतात. कोकणात उकडा तांदूळ खाणाऱ्याला यातलं तर्कशास्त्र वेगळं समजावायला नको.

जेने-जेनोच्या अगदी खालच्या थरांपासून या भाताचे जळालेले दाणे सापडतात. म्हणजे तिथे राहायला आलेली माणसं ही विद्या बरोबर घेऊनच आली होती. सोबत बाजरी, ज्वारी, फोनिओ ही कोरडवाहू धान्यं, गाई, शेळ्यामेंढ्या, आणि माशांचे काटे तर विचारूच नका.

मासे हे इथलं दुसरं पीक. पाणी चढू लागलं की नदीतले मासे मैदानात पसरतात. पहिल्या पावसात ओढ्यांत शिरणारे चढणीचे मासे आपल्याला ठाऊक आहेत. तोच प्रकार, फक्त ओढ्याच्या जागी अर्धं कोकण बसेल एवढं मैदान. बुडालेल्या गवतात ते अंडी घालतात, पिल्लं तिथेच पोसतात. मग पाणी ओसरायला लागलं की सगळी फौज अरुंद नाल्यांतून नदीकडे परत फिरते, आणि खरी मासेमारी तेव्हा. आजचे बोझो कोळी नाल्याच्या तोंडाशी काठ्या आणि गवताचे कुड घालतात, मध्ये मोकळी जागा ठेवून तिथे सापळा लावतात. कुड फार लवकर घातला तर पाण्याच्या जोरानं वाहून जातो. उशीर केला तर मासे निघून गेलेले असतात. मागे राहिलेल्या डबक्यांत मांगूर जातीचे मासे मुबलक मिळतात, कारण ते हवेतूनही श्वास घेऊ शकतात आणि चिखलात तग धरतात.

ताजा मासा तिथल्या उन्हात दुपारपर्यंतही टिकत नाही. म्हणून फाडायचा, आतडी काढायची, उन्हात वाळवायचा किंवा धुरी द्यायची. तीन-चार किलो ओल्या मासळीची जेमतेम किलोभर सुकी होते. वजन घटतं ते व्यापाऱ्याच्या पथ्यावरच पडतं, होडीत आणि गाढवाच्या पाठीवर पाणी वाहून न्यायला कोणाला हवंय? लहान, तेलकट मासे उकळून त्यांचं तेल काढतात. सुकीचा शत्रू म्हणजे कातडी पोखरणारे भुंगे. मासळी आतून ओली राहिली तर त्यांच्या अळ्या महिन्याभरात पोकळ सालपटं उरवतात. जाड मासा नुसत्या उन्हात नीट वाळत नाही, त्याला धूर लागतोच, आणि धुराला सरपण. हिरवळ भरपूर पण झाडं थोडी अशा या मुलुखात सरपणाचा हिशेब नेहमीच तंग. लोखंड गाळणाऱ्या भट्ट्यांनाही तोच कोळसा हवा असे.

आता हा भात आणि ही सुकट विकायची कोणाला? उत्तरेला वाळवंटाच्या कडेला राहणाऱ्यांकडे मीठ आणि तांबं होतं, धान्य नव्हतं. लोखंडाचं खनिज मिळत होतं ते पूरमैदानाबाहेर, पन्नासेक किलोमीटरवर. जात्या-पाट्यांचा वाळूचा दगडही तेवढ्याच अंतरावरून आणावा लागे. तांबं तर शेकडो किलोमीटरवरून, आणि ते इ.स. 400 च्या सुमारास इथे दिसू लागतं. शहराचं सुरुवातीचं गणित हेच होतं. आपल्याकडे जे उतू जातंय ते द्यायचं, जे मुळीच नाही ते घ्यायचं. खालच्या थरांत लोखंड गाळल्याची मळी सापडते. पुढच्या काळात गाळण्याचं काम शहराबाहेर गेलं आणि आत उरली ती घडाई. खनिज आणि कोळसा दोन्ही लांबून ओढत आणण्यापेक्षा तयार लोखंड आणणं स्वस्त पडलं असणार, असं मला वाटतं. खनिजाचा बराच भाग शेवटी मळीच होऊन बाहेर पडतो, त्याचं भाडं का भरायचं?

मिठाच्या किमतीचे पक्के आकडे मिळतात ते नंतरच्या काळातले, मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता यानं 1352 साली टिपलेले. सहारातल्या तगाझाला त्यानं मिठाच्या लाद्यांनी बांधलेली आणि उंटाच्या कातड्यांनी शाकारलेली घरं पाहिली. खाणीत गुलाम राबत. उंटावर दोन लाद्या चढत. असा एक बोजा सहाराच्या दक्षिण कडेच्या वलाता गावी 8 ते 10 मिस्काल सोन्याला जाई आणि मालीच्या राजधानीत 20 ते 30 ला, कधी 40 लाही. मिस्काल म्हणजे सव्वाचार ग्रॅमच्या आसपास. दक्षिणेकडे प्रत्येक टप्प्याला भाव चढतो, कारण प्रत्येक टप्प्याला जनावर आणि माणूस पोसायचा असतो, आणि लादी फुटली वा भिजली तर नुकसान विकणाऱ्याचं. तिथे मिठाचे तुकडे नाण्यासारखे चालत, असंही तो नोंदवतो.

याच इब्न बतूतानं मालदीवमध्ये कवड्या गोळा करून जहाजांत भरताना पाहिल्या होत्या. तिथे एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या येत, कधी बारा लाखही. नायजरकाठी गाओ आणि मालीत त्याच कवड्यांचा दर त्याला मिळाला दिनाराला 1,150. आपल्याकडे देवीच्या गोंधळ्याच्या गळ्यात जी कवड्यांची माळ असते ती कवडी याच समुद्रातली. हिंदी महासागर आणि नायजर यांच्यातला धागा मात्र याहून जुना आहे. जेने-जेनोच्या सुरुवातीच्या थरांत काचेचे मणी सापडले, आणि तपासलेल्या काचेची घडण रोमन काचेशी न जुळता भारत, आग्नेय आशिया आणि पूर्व आशिया या पट्ट्यातल्या काचेशी जुळली. एवढाल्या वाटेनं एक मणी कोणाकोणाच्या हातांतून गेला असेल! एकच व्यापारी तो घेऊन आला, असं समजायचं मात्र कारण नाही.

जेने-जेनोत नसलेल्या गोष्टींमध्ये मला सगळ्यात विचारात पाडते ती ही: राजवाडा नाही. खोदकामात सिंहासनाची जागा, राजघराण्याची थडगी, भपकेदार देऊळ असलं काही हाती लागलं नाही. त्याऐवजी शहराच्या मुख्य टेकाडाभोवती (जुन्या वस्तीच्या ढिगाऱ्याची उंच जागा ती टेकाड) चार किलोमीटरच्या आत साठाहून जास्त लहानमोठी टेकाडं, त्यांतली बरीच एकाच वेळी वसलेली. कुठे लोहारकामाच्या खुणा जास्त, कुठे मासेमारीच्या. जवळ राहायचं, पण आपापल्या टेकाडावर. मराठी माणसाला बारा बलुतेदार आठवतील. पण बलुतं गावच्या शेतकऱ्याकडून खळ्यावर मिळतं, गाव एक असतं आणि पाटीलही. इथे धंदेवाल्यांच्या स्वतंत्र वस्त्यांचा मिळून एक बाजार झालेला दिसतो. त्याला एकच धनी होता, याचा पुरावा नाही. बोझो, मार्का ही नावं मी वर आजच्या लोकांची वापरली आहेत. ती उचलून दोन हजार वर्षांमागच्या टेकाडांवर चिकटवणं बरोबर नाही, पण एकाच जमिनीवर पाळीपाळीनं हक्क सांगण्याची पद्धत मात्र या भूगोलातूनच येते. जे शेत जुलैत भातवाल्याचं, ते ऑक्टोबरात माशांचं आणि फेब्रुवारीत गुरांचं. गुरं कापणीआधी शेतात उतरली की डोकी फुटतात. एकोणिसाव्या शतकात याच भागातल्या मासिना राज्याच्या शेकू अमादू या राज्यकर्त्यानं गुरांच्या वाटा आणि नदी ओलांडण्याचा क्रम ठरवून दिला तो याच भांडणांमुळे.

शहराला तट होता. सुमारे दोन किलोमीटर घेराचा, बुडाशी 3.6 मीटर रुंद, हातानं वळलेल्या दंडगोल कच्च्या विटांचा. अशा विटेला साचा लागत नाही. गोल बाजूंमधल्या खाचांत गारा भरपूर बसतो आणि भिंत एकजीव होते. पण मातीच्या भिंतीचं दुखणं कायम बुडाशी असतं. पावसाचे शिंतोडे आणि जमिनीतली ओल पाया कुरतडतात, वरचा भाग शाबूत दिसतो आणि एके दिवशी सगळी भिंत बसते. आजच्या जेने गावातले गवंडी गिलाव्याच्या मातीत भाताचं तूस घालून ती खड्ड्यात भिजत ठेवतात, दोन-तीन आठवडे, अधूनमधून तुडवत. तूस कुजलं की गारा चिकट होतो आणि त्यातले धागे तडा जाऊ देत नाहीत. चिकणमाती जास्त झाली तर वाळताना भेगा पडतात, वाळू जास्त झाली तर पहिल्या पावसात गिलावा धुऊन जातो, थर जाड दिला तर आपल्याच वजनानं सुटतो. हे काम दर वर्षी, निदान वर्षाआड करायचंच. जेने-जेनोत ज्या भिंती पडल्या त्यांच्याच ढिगाऱ्यावर पुढच्या पिढीनं घरं उभी केली. पाच मीटरांहून उंच पांढरीचं टेकाड असं पडझडीतून वाढलं, आणि त्या उंचीमुळेच ते पुराच्या वर राहिलं.

इ.स. 1200 नंतर वस्ती आटत गेली, 1400 पर्यंत टेकाड ओस पडलं, आणि तीन किलोमीटरवरचं आजचं जेने भरभराटीला आलं. सतराव्या शतकात टिंबक्टूचा इतिहासकार अल-सादी यानं लिहिलंय की जेनेच्या मुलुखात 7,077 गावं एकमेकांना इतकी लागून आहेत की सुलतानाचा निरोप वेशीवरून हाक मारत गावोगाव पोचवला जातो. आकडा शब्दशः घ्यायचा नाही, दाटी मात्र खरी. ओस टेकाडाचे हाल पुढे वेगळेच झाले. भाजक्या मातीच्या मूर्तींना परदेशात भाव आला आणि आसपासची टेकाडं चोरट्यांनी चाळणीसारखी पोखरली. मूर्ती विकली जाते, पण ती कुठल्या थरात, कशाशेजारी होती हे कायमचं पुसलं जातं. 1988 साली जेने आणि परिसरातली टेकाडं जागतिक वारशाच्या यादीत गेली. 1993 साली अमेरिकेनं नायजर खोऱ्यातल्या पुरावस्तूंच्या आयातीवर निर्बंध घातले. तोवर बरंच निघून गेलं होतं.

नदीवरचा व्यापार मात्र चालूच राहिला. 1828 च्या मार्चमध्ये रेने काये हा फ्रेंच प्रवासी मुसलमान वेषात जेनेला पोचला आणि तिथून 23 मार्चला होडीनं टिंबक्टूकडे निघाला. आधी लहान होडी, पुढे मोठी नाव. साठ ते ऐंशी टन माल पोटात घेणाऱ्या नावा त्यानं पाहिल्या, आणि त्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या. फळ्यांना भोकं पाडून दोरीनं शिवलेल्या होत्या. आपल्या किनाऱ्यावरही काथ्यानं शिवलेली गलबतं असत, तीच जात. खिळ्याला लोखंड लागतं, आणि लांब फळीला लागणारं मोठं झाड पूरमैदानात नसतं. आखूड फळ्या जोडून लांब नाव करायची तर शिवण बरी. पण शिवण म्हणजे गळती. फटींत गवत आणि चिखल कोंबला तरी पाणी झिरपतच राहतं, म्हणून काही माणसांना दिवसभर उपसण्याचंच काम. माल थेट तळावर ठेवला तर भिजतो. शीड नाही, खोल पाण्यात वल्हं, उथळात बांबूचा रेटा, आणि अडलं की काठावरून दोर लावून ओढायचं. वारा सुटला की नाव काठाला लावून थांबायचं, कारण लाटांचा मार शिवण सोसत नाही. देबो सरोवरासारख्या उघड्या पाण्यावर तर फारच जपून. त्यात मार्च-एप्रिल म्हणजे नदी आटलेली, ठिकठिकाणी वाळूचे दांडे. सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरचं हे अंतर, आणि काये टिंबक्टूला पोचला 20 एप्रिलला. शेवटच्या टप्प्यात काठावरचे तुआरेग, म्हणजे वाळवंटातले भटके पशुपालक, नावा अडवून वाटा मागत होते. नावांतला माल होता तांदूळ, बाजरी, मध, कांदे, शिया झाडाच्या बियांचं तूप, चघळायच्या कोलाच्या बिया. सोन्याच्या नगरीच्या शोधात आलेल्या या माणसाला टिंबक्टूत दिसलं की वाळूत उभ्या या गावाचं स्वतःचं धान्य नाही. जेनेकडच्या नावा आल्या नाहीत तर लोक उपाशी राहतील, हे त्यानं लिहून ठेवलं आहे.